जुने गोवे : यात्राक्षेत्र आणि कोकणमार्ग

गोवा राज्याच्या तिसवाडी तालुक्यात मांडवी नदीच्या डाव्या तीरावर, पणजीच्या पूर्वेस सु. १० किमी. अंतरावर वसलेले जुने गोवे हे भारतातील एक प्रमुख रोमन कॅथलिक यात्रास्थळ आहे. सेंट फ्रान्सिस झेव्हिअर (१५०६–५२) या जेझुइट धर्मप्रसारकाचा देह येथील बॉम जीझस बॅसिलिकेत जतन केलेला असून त्याच्या दर्शनासाठी दरवर्षी ३ डिसेंबरच्या सणास व दर दहा वर्षांनी होणाऱ्या शवप्रदर्शनास देशोदेशींचे भाविक जमतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी असलेले हे शहर आज ग्रामपंचायतीच्या कारभाराखालील एक गाव आहे.

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर या तालुक्यांत ख्रिस्ती वस्ती फारशी नाही. त्या जिल्ह्यातील जुनी कॅथलिक वस्ती समुद्रकाठी, विशेषतः पोर्तुगीज-मिश्रित बोली टिकवून धरलेल्या कोर्लई गावी आढळते. तथापि मुंबई व वसईकडील यात्रेकरूंचा गोव्यास जाणारा रस्ता याच दोन तालुक्यांतून जातो. शिवाय जुन्या गोव्याच्या इतिहासातील एक निर्णायक प्रसंग ज्या राज्याशी निगडित आहे, त्याची राजधानी रायगड हा किल्ला महाड तालुक्यातच आहे. त्यामुळे क्षेत्राच्या इतिहासाबरोबर या मार्गाचाही परामर्श येथे घेतला आहे.

पोर्तुगीज येण्यापूर्वी या जागी आदिलशाहीतील एळा नावाचे भरभराटीचे बंदर होते. अफोन्सो द अल्बुकर्क याने १५१०च्या आरंभी ते घेतले, दोन-तीन महिन्यांत गमावले आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे सेंट कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, पुन्हा जिंकले. येथील कॅथीड्रल याच संतिणीच्या नावाने आहे. पुढील शतकभरात मांडवीच्या काठी गोदी, टाकसाळ, इस्पितळ, बाजारपेठा व मठ यांची इतकी दाटी झाली, की पोर्तुगीज लोक या शहराची बरोबरी लिस्बनशी करू लागले. त्या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १५४०च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. मांडवीपलीकडील दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देवालयही या लाटेत गेले. देवाचे लिंग भाविकांनी नदी ओलांडून डिचोलीजवळील नार्वे येथे नेले. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडी आजही समोर दिसते, त्यामुळे यात्रेकरूस या दोन्ही इतिहासांचे स्मरण एकाच जागी उभे राहून करता येते.

झेव्हिअरचा जन्म स्पेनच्या नव्हारे प्रांतातील झेव्हिअर गढीत ७ एप्रिल १५०६ रोजी झाला. पॅरिस येथे शिकत असता इग्नेशियस लॉयोला याच्याशी त्याचा परिचय झाला. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्र येथे ज्या सात जणांनी व्रत घेतले व ज्यातून पुढे येशूसंघ म्हणजे जेझुइट पंथ निर्माण झाला, त्यांपैकी तो एक होता. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला. रुग्णालयात आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, तुरुंगातील कैद्यांस भेटणे आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलांना धर्मपाठासाठी गोळा करणे हा त्याचा तेथील क्रम होता. काही महिन्यांतच तो दक्षिणेकडील मोती काढणाऱ्या परवांच्या किनाऱ्याकडे गेला. पुढे मलाक्का, मोलुकाझ बेटे व १५४९ मध्ये जपान असा त्याचा प्रवास झाला. ज्याच्या नावाने हे क्षेत्र ओळखले जाते तो प्रत्यक्षात गोव्यात मधून मधून व थोडा थोडा काळच राहिला. चीनमध्ये प्रवेश मिळण्याची वाट पाहत असता कँटनजवळच्या शांगच्वान बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी तापाने त्याचा अंत झाला.

त्याच्या चरित्रातील एक गोष्ट श्रद्धाळू लेखक बहुधा टाळतात व टीकाकार तेवढीच सांगतात. मे १५४६ मध्ये मोलुकाझमधून पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन यास लिहिलेल्या पत्रात त्याने भारतात इन्क्विझिशन स्थापावे अशी मागणी केली. नव्या ख्रिस्त्यांपेक्षा पोर्तुगीज वसाहतवाल्यांच्या वर्तनाचा त्यास अधिक उबग आलेला होता, हे त्याच्या इतर पत्रांवरून दिसते. तथापि १५६० मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, प्रत्यक्षात आलेल्या या न्यायसंस्थेने धर्मांतरित गोवेकरांना त्यांच्या जुन्या चालीरीतींवरून कठोर शिक्षा केल्या. १७७४ मध्ये ती बंद झाली, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १८१२ मध्ये कायमची गेली. संतपदाचा आदर आणि हा इतिहास यांपैकी कोणतीही एक बाजू झाकून ठेवल्यास गोव्याचे चित्र अपुरे राहते.

झेव्हिअरचे प्रेत प्रथम चुना घालून बेटावरच पुरले होते. चुन्याने मांस लवकर झडावे व अस्थी नेता याव्यात असा त्यामागे हेतू होता. दोन-अडीच महिन्यांनी उकरले असता ते विघटित झालेले नाही असे आढळल्याचे सांगतात. तेथून ते मलाक्कास व मार्च १५५४ मध्ये गोव्यास आणण्यात आले. लोकांची एवढी झुंबड उडाली, की सेंट पॉल कॉलेजच्या देवळात ते काही दिवस उघडे ठेवावे लागले. पायांचे चुंबन घेण्याच्या निमित्ताने एका स्त्रीने एक बोटच चावून नेले अशी हकिकत प्रसिद्ध आहे. अवशेषांची ही ओढ वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनाही होती. १६१४ मध्ये जेझुइट संघप्रमुखाच्या आज्ञेवरून उजव्या हाताचा कोपरापुढील भाग रोमला पाठवण्यात आला. १६२२ मध्ये झेव्हिअर व लॉयोला यांस एकाच दिवशी संतपद मिळाले व त्यानंतर थोड्याच काळात देह बॉम जीझसमध्ये आला.

ज्या सेंट पॉल कॉलेजात हा देह प्रथम ठेवला होता त्याची आज केवळ दर्शनी कमान उभी आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये याच कॉलेजात सुरू झाला, म्हणून मराठी वाचकाने तेथे थोडे थांबावे. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या टॉमस स्टीव्हन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत रचलेले क्रिस्तपुराण १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या काळातील छापील आवृत्तींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ज्या संस्थांनी देशी भाषांतील जुने ग्रंथ नष्ट केले, त्यांच्याच आश्रयाने मराठीतील हे ओवीबद्ध पुराण निर्माण व्हावे, हा गोव्याच्या इतिहासातील विसंगतींपैकी एक ठळक नमुना होय.

बॉम जीझसची कोनशिला २४ नोव्हेंबर १५९४ रोजी बसवण्यात आली व १५ मे १६०५ रोजी तिचे पवित्रीकरण झाले. इमारत जांभ्या दगडाची असून दर्शनी भागातील कोरीव कामासाठी वसईकडील काळा दगड वापरला आहे. आतील चांदीची पेटी गोमंतकीय सोनारांनी १६३६-३७च्या सुमारास घडवली. तिच्या चारी बाजूंस संताच्या चरित्रातील प्रसंग उठावाने दाखवले आहेत. या पेटीखालील संगमरवरी समाधिचौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याची देणगी होय. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने तो सुमारे दहा वर्षे खपून तयार केला व १६९८ मध्ये तो गोव्यात बसवण्यात आला. इटालियन संगमरवर आणि गोमंतकीय चांदी यांचा हा संगम पाहताना बहुतेक यात्रेकरूंची नजर वरच्या पेटीवरच खिळते. चौथऱ्यावरील काशाचे चार फलक त्यांच्या ध्यानात येत नाहीत. ते अवश्य पाहावेत.

१६८३चा प्रसंग : मराठी इतिहासाच्या दृष्टीने जुन्या गोव्याचे महत्त्व ज्या घटनेमुळे आहे ती छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकीर्दीतील होय. व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने नोव्हेंबर १६८३च्या आरंभी मराठ्यांच्या फोंडा किल्ल्यास वेढा घातला. येसाजी कंक व त्यांचे पुत्र कृष्णाजी यांनी किल्ला झुंजवला. राजापुरास असलेले संभाजी महाराज स्वतः कुमक घेऊन येताच व्हाइसरॉयला वेढा उठवून माघार घ्यावी लागली व ती कशीबशी तडीस गेली. २४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटीचा फायदा घेऊन मराठ्यांनी जुवे म्हणजे सांतु इस्तेव्ह बेटावर चाल केली व तेथील कोट घेतला. हे बेट राजधानीपासून अगदी जवळ आहे. दुसऱ्या दिवशी ते परत घेण्यास गेलेल्या व्हाइसरॉयच्या तुकडीची धूळधाण उडाली आणि तो स्वतः जखमी होऊन परतला.

शहरात घबराट पसरली. अशा वेळी व्हाइसरॉयने बॉम जीझसमध्ये जाऊन संताची शवपेटी उघडवली, आपला राजदंड व अधिकारपत्र प्रेतापाशी ठेवले आणि राज्याचे रक्षण आता त्यानेच करावे अशी प्रार्थना केली. पुढे मराठ्यांनी बारदेश व साष्टी लुटले, परंतु राजधानी वाचली. पोर्तुगीज लेखकांनी याचे श्रेय संताला दिले. तेव्हापासून गोव्यात नव्याने येणारा अधिकारी बॉम जीझसमध्ये जाऊन संताच्या हातून राजदंड घेत असल्याचा विधी करू लागला. गोमंतकीय जनता झेव्हिअरला ‘गोंयचो सायब’ म्हणते. या नावात भक्तीइतकाच या राजकीय प्रथेचाही वाटा असावा असे वाटते.

मराठ्यांच्या माघारीचे कारण मात्र घाटमाथ्यावर शोधावे लागते. औरंगजेबाचा पुत्र शाहआलम मोठे सैन्य घेऊन रामघाट उतरत होता व जानेवारी १६८४च्या आरंभी तो डिचोलीच्या परिसरात पोहोचला. रायगड व कोकण यांवर मोगलांचा दाब येत असता गोव्यात गुंतून राहणे संभाजी महाराजांना परवडण्याजोगे नव्हते. संताची कृपा आणि मोगलांची चाल ही दोन स्पष्टीकरणे एकमेकांस छेद देतात असे मानण्याचे कारण नाही. पहिले तत्कालीन शहरवासीयांच्या मनःस्थितीचा पुरावा आहे, तर दुसरे घटनाक्रमाचा. मराठी ग्रंथांतून केवळ दुसरे व पोर्तुगीज ग्रंथांतून केवळ पहिले दिले जाते, ही गैरसोय आहे. रायगडाच्या पायथ्याकडून निघून बॉम जीझसमध्ये जाणाऱ्या यात्रेकरूच्या प्रवासात या कथेची दोन्ही टोके येतात, परंतु बॅसिलिकेत मराठ्यांचा आणि रायगडावर जुवे बेटाचा उल्लेख क्वचितच कानी पडतो.

राजधानीचा ऱ्हास : आल्व्होरनेच राजधानी मुरगाव येथे हलवण्याचा विचार केला होता. शहराला शत्रूपेक्षाही साथींनी पोखरले. दाट वस्ती, निचऱ्याचा अभाव आणि दूषित विहिरी यांमुळे सतराव्या शतकात पुन्हा पुन्हा रोगराई पसरली. व्हाइसरॉय १६९५ मध्ये पणेली येथे व १७५९ मध्ये पणजीस राहावयास गेला. १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. १७५९ मध्येच पोर्तुगीज मुलखांतून जेझुइटांची हकालपट्टी झाली होती. १८३५ मध्ये उरलेले धर्मसंघही बरखास्त करण्यात आले व मठांच्या इमारती ओस पडल्या. त्यांतील चिरा पणजीच्या नव्या बांधकामांसाठी नेण्यात आला. सेंट ऑगस्टीनच्या प्रचंड देवळाचे छत १८४२ मध्ये कोसळले व दर्शनी मनोरा १९३१ मध्ये निम्मा ढासळला. त्याचा उरलेला सुळका आज गावाची खूण झाला आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी या अवशेषांत सापडल्या आणि २०२१ मध्ये त्या जॉर्जियास सुपूर्द करण्यात आल्या.

शहर मेले, परंतु यात्रा वाढली. तिचे सार्वजनिक स्वरूपही या ऱ्हासकाळातच ठरले. जेझुइट गेल्यावर त्यांनी खरा देह पळवून नेला व दुसराच ठेवला अशी कुजबुज सुरू झाली. तिचे निरसन करण्यासाठी फेब्रुवारी १७८२ मध्ये पेटी उघडून तीन दिवस देह लोकांस दाखवण्यात आला. हे पहिले मोठे जाहीर प्रदर्शन. दुसरे व्हावयास १८५९ साल उजाडले. १८९०पासून साधारणतः दहा-बारा वर्षांनी प्रदर्शन भरवण्याचा परिपाठ पडला. देह कोणाचा हा १७८२चा प्रश्न अजूनही पूर्णपणे शमलेला नाही. २०२४च्या प्रदर्शनापूर्वीही त्या स्वरूपाच्या एका वक्तव्यावरून गोव्यात निदर्शने झाली.

१९५२ मध्ये संताच्या मृत्यूची ४०० वर्षे साजरी झाली तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. मुक्तिलढा तीव्र होऊन १९५५ मध्ये भारताने सीमा बंद केल्यावर महाराष्ट्रातील भाविकांस जुने गोवे दुरावले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतरचे पहिले प्रदर्शन १९६४-६५ मध्ये झाले. त्याच सुमारास मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली होती व पोप सहावे पॉल तिला उपस्थित होते. त्यामुळे मुंबईहून गोव्याकडे यात्रेकरूंची एकच रीघ लागली. ज्या संताच्या हाती पोर्तुगीज अधिकारी राजदंड देत ते सरकार गेले, परंतु यात्रेत खंड पडला नाही. अठरावे प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले.

प्रदर्शनाच्या वेळी पेटी मिरवणुकीने बॉम जीझसमधून समोरच्या से कॅथीड्रलमध्ये नेतात व दर्शन तेथे होते. १९५२ नंतर देह काचेच्या पेटीत बंद असल्याने पूर्वीप्रमाणे पायांचे चुंबन घेता येत नाही. एरवीच्या वर्षी पेटी उंच चौथऱ्यावर असल्यामुळे खालून तिच्या बाजूंचे काम व काचेतून दिसणारा थोडासा भागच दृष्टीस पडतो. केवळ देहदर्शनाच्या अपेक्षेने जाणाऱ्यांची त्यामुळे निराशा होते. दहा वर्षांचा प्रघात पाळला गेला तर पुढील प्रदर्शन २०३४च्या अखेरीस येईल.

वार्षिक सणाचे नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना २४ नोव्हेंबरपासून सुरू होतात. या दिवसांत पहाटेपासून बॅसिलिकेच्या आवारातील मांडवात ओळीने मिस्सा होतात. मुख्य भाषा कोकणी असली तरी इतर भाषांतही उपासना चालते. शेजारच्या जिल्ह्यांतून पायी येणाऱ्यांच्या तुकड्याही असतात. वारकरी दिंडीची सवय असलेल्या मराठी माणसास त्या पाहून अनोळखी वाटत नाही. नवसाचे मेणाचे हात, पाय वा डोके अर्पण करण्याची चाल आहे. रस्त्याच्या दोहों बाजूंस फेस्ताची जत्रा भरते. तेथे खाजे, चणे व मेणबत्त्या यांची दुकाने लागतात. हिंदू गोमंतकीयही या सणास मोठ्या संख्येने येतात व त्यांतील कित्येक नवस फेडण्यासाठी येतात.

मार्ग : रेल्वे व मोटार येण्यापूर्वी महाडचा प्रवासी गोव्यास जलमार्गाने जाई. महाड हे सावित्रीकाठचे जुने नदीबंदर. भरतीच्या वेळी मचवा दासगाववरून बाणकोटच्या खाडीमुखापर्यंत नेई व तेथे मुंबईहून येणारी आगबोट धरावी लागे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असे थांबे घेत ती पणजीस पोहोचे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. झेव्हिअरचा सण डिसेंबरात, म्हणजे समुद्र शांत असताना येतो, ही यात्रेकरूंची मोठीच सोय होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही बोट बंद पडली.

खुष्कीचा मार्ग म्हणजे मुंबई–गोवा महामार्ग. पूर्वी त्याचा क्रमांक १७ होता, आता तो ६६ आहे. महाडजवळ तो सावित्री ओलांडतो. येथील ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात वाहून गेला व एस.टी. गाड्यांसह कित्येक प्रवासी त्यात बुडाले. पुढच्याच वर्षी तेथे नवा पूल उभा राहिला. पोलादपूर हे या रस्त्यावरील महत्त्वाचे नाके आहे. येथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरचा फाटा फुटतो. शिवभारतकार कवींद्र परमानंद यांची समाधी येथे दाखवतात. पोलादपूर सोडताच कशेडीचा घाट लागतो. वळणे व दरडी यांमुळे तो पूर्वी प्रवाशांच्या धास्तीचा विषय होता. २०२३पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या जोडबोगद्यांमुळे घाट चढण्याची गरज बहुतांशी उरलेली नाही. पुढे खेड, परशुराम घाट, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजे, राजापूर, कणकवली, कुडाळ व बांदे असा क्रम आहे. पत्रादेवी येथे गोव्याची हद्द लागते. १५ ऑगस्ट १९५५च्या सत्याग्रहात येथे गोळीबारात सत्याग्रही मारले गेले व त्यांचे स्मारक रस्त्यालगतच आहे. महाडपासून पणजीचे अंतर सु. ४०० किमी. भरते. २०११ मध्ये हाती घेतलेले चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले, म्हणून वेळेचा हिशेब अंतरावरून न करता रस्त्याच्या स्थितीवरून करणे शहाणपणाचे ठरते.

म्हापशाहून पणजीस येताना मांडवी ओलांडावी लागते. १९७० मध्ये पूल होईपर्यंत हे काम फेरीबोटी करीत. तो पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला आणि नवा होईपर्यंत काही वर्षे प्रवाशांना पुन्हा फेरीचाच आधार घ्यावा लागला. पणजीहून रायबंदरकडे जाणारा सु. ३ किमी. लांबीचा दगडी बांध-पूल व्हाइसरॉय लिन्हारिसच्या काळात, १६३३-३४च्या सुमारास, मिठागरांमधून बांधला गेला. आजही वाहने त्यावरून जातात. बेळगावकडे जाणारा रुंद बाह्यमार्ग झाल्याने बहुतेक गाड्या तिकडून धावतात. परंतु नदीकाठाने रायबंदरवरून गेल्यास ऱ्हास पावलेली राजधानी आणि तिची वारस पणजी यांचा संबंध डोळ्यांस दिसतो.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण लांबीने सुरू झाल्यावर हा सारा प्रवास सुकर झाला. महाड तालुक्यातील वीर हे स्थानक महाड–पोलादपूरकरांस जवळचे आणि गोव्यातील करमळी हे जुन्या गोव्यास सर्वांत निकटचे. करमळीपासून बॅसिलिका दोन-तीन किमी.वर आहे. सर्वच गाड्या या दोन्ही ठिकाणी थांबत नाहीत. तेव्हा चिपळूण वा माणगावला गाडी धरून थिवी किंवा मडगावला उतरण्याची तयारी ठेवावी.

गावात पोहोचल्यावर पायीच फिरावे. से कॅथीड्रल (आरंभ १५६२), लगतचा सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचा मठ व त्यातील भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे संग्रहालय, रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर बांधलेले सेंट कजेतानचे देऊळ आणि नदीकडील व्हाइसरॉयची कमान ही सर्व ठिकाणे हाकेच्या अंतरावर आहेत. कमानीच्या एका बाजूस वास्को द गामाचा पुतळा आहे. संग्रहालयात व्हाइसरॉयांच्या तसबिरींच्या ओळीत आल्व्होरही शोधता येईल. येथील चर्च व मठ १९८६ मध्ये जागतिक वारसायादीत समाविष्ट झाले. त्यामुळे परिसरात नवी बांधकामे करण्यावर निर्बंध आहेत व २०२१ मध्ये अशाच एका बांधकामाविरुद्ध गावकऱ्यांनी दीर्घ आंदोलन केले.

बॉम जीझसच्या बाह्यांगाचा तांबूस चिरा छायाचित्रांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. हे तिचे मूळ रूप नव्हे. इतर चर्चप्रमाणे तिलाही चुन्याचा पांढरा गिलावा होता. तो १९५०च्या दशकात पोर्तुगीज सरकारने जीर्णोद्धाराच्या नावाखाली खरवडून काढला. जांभा सच्छिद्र दगड असल्याने उघड्यावर तो पावसाचे पाणी शोषतो व झिजतो. गिलावा पुन्हा द्यावा की लोकांच्या मनात ठसलेले तांबूस रूप तसेच राखावे याविषयी वास्तुतज्ज्ञ व धर्माधिकारी यांत मतभेद आहेत. कोकणात चिऱ्याचे घर बांधणाऱ्या कोणाही गवंड्यास विचारल्यास तो गिलाव्याच्या बाजूने कौल देईल.

कमानीतून खाली उतरले की दिवाडी बेटाची फेरीबोट लागते. नार्वे येथील सप्तकोटेश्वरापर्यंत जाऊ इच्छिणाऱ्याने ती धरावी, बेट ओलांडावे व पलीकडील फेरीने नदीचा दुसरा फाटा पार करावा. देवाची मूळ जागा या वाटेवरच, दिवाडीवर आहे.